दिसावं, पण ऐकू जाऊ नये

नाना, तुमच्या दशक्रियेला माईक बंद पडला आणि घाटावर बसलेल्या सगळ्यांना एकदमच तुमची आठवण झाली. तोवर चांगला अर्धा तास भाषणं झाली होती, पण त्यांत तुम्ही कुठंच नव्हता. एका पुढाऱ्यांनी तुमच्या वृद्धसेवेचा गौरव केला. आपलं बालगृह आहे, वृद्धाश्रम नव्हे, हे त्यांच्या कानात सांगायला एकजण वाकला आणि तेवढ्यात माईकनं मान टाकली. मागं बसलेला तुमचा शिवऱ्याचा चुलतभाऊ म्हणाला, "नाना असता तर ह्यो भोंगा लागलाच नसता." बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मीही हसले आणि त्यामागोमाग जे रडू आलं ते काही केल्या आवरेना.

मलाही बोलायला सांगितलं होतं. मी नाही म्हणाले. "शैलाताई, दहा वर्षं नानांबरोबर काम केलंत, दोन शब्द तरी बोला," असा आग्रह झाला. पण तुमच्याबद्दल माझ्याकडे दोन शब्द नाहीतच, भांडणं आहेत. तुम्ही उत्रोलीच्या आपल्या बालगृहाचे अधीक्षक आणि मी भोर-वेल्ह्याची घरं पालथी घालत फिरणारी सामाजिक कार्यकर्ती. मूल गृहात ठेवायचं की नात्यातल्या कुणाकडं द्यायचं, यावर आपलं एकदाही एकमत झालं नाही. शेवटचं भांडण तर अर्धवट टाकून गेलात. सुवर्णाला तिच्या मामाकडे द्यावं की देऊ नये? माणूस असं निघून जातं का मधूनच?

शोकसभेतल्या एकानंही तुमच्या नियमांचं नाव काढलं नाही, याचा मला खरा राग आला. अहो, तुम्ही म्हणजे नियम. बालगृहातल्या मुलांची काळजी कशी घ्यावी याच्या सरकारी सूचनांचं ते जाड बाड आम्ही सगळे कपाटावर ठेवतो. तुम्ही उशाला घेऊन झोपायचात. आधी कवायतीचे मास्तर असल्यामुळे लिहिलेलं जसंच्या तसं करायचं, ही सवय हाडात भिनलेली. दर गुरुवारी मुलांना ओट्यावर बसवून त्यातलं एकेक वाक्य तुम्ही मराठीतून मराठीत आणायचात. 'बालकाचे सर्वोत्तम हित सर्वोपरी मानावे,' एवढं वाचून म्हणायचात, "म्हंजे पोराचं भलं आदी, मोठ्यांची अब्रू मागनं." 'निर्णयप्रक्रियेत बालकाचा सहभाग सुनिश्चित करावा' याचं तुम्ही केलेलं भाषांतर तर मी प्रशिक्षणांत सांगत फिरते. "तुमास्नी इचारल्याबिगर तुमचं काय बी ठरवायचं न्हाई. भाजी सोडून."

आणि तुमच्या घोरण्याची चौकशी! तक्रारपेटीत कुणीतरी चिठ्ठी टाकली, 'नाना घोरतात, झोप येत नाही.' दुसऱ्या कुणी हसून सोडून दिलं असतं. तुम्ही मला फोन केलात, "मॅडम, अधीक्षकाविरुद्ध तक्रार हाय. बाहेरचं मानूस चौकशीला लागतं. उद्या या." मला वाटलं काहीतरी भयंकर घडलंय. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सकाळी येऊन बघते तर तुम्ही इस्त्रीचा सदरा घालून ओट्यावर आरोपीसारखे उभे, आणि पोरं समोर मांडी घालून बसलेली. तुमचा जबाब मी घेतला. "घोरतो हे मान्य. मुद्दाम घोरत न्हाई." साक्षी झाल्या. निकालात तुमची खाट कांद्याच्या कोठीत गेली, ती शेवटपर्यंत तिथंच होती. त्या दिवशी मी भयंकर चिडले होते. पण पुढच्याच आठवड्यात एका मुलीनं शाळेतल्या एका मोठ्या माणसाबद्दल चिठ्ठी टाकली आणि ती वेळेवर आपल्या हातात आली. तक्रार केली की खाट हलते, हे तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. हे मी तुम्हाला कधी बोलून दाखवलं नाही, कारण तुमची छाती आधीच दोन इंच पुढं असायची.

तुमची खरी पंचाईत झाली ती खासगी बोलण्याच्या नियमापाशी. मुलाशी एकट्यानं बोलायचं असेल तर दार लावून बसायचं नाही. चार माणसांना दिसावं, पण ऐकू जाऊ नये. पहिली अर्धी अट तुम्ही एका दुपारी पुरी केलीत. ऑफिसचं दार बिजागऱ्यांसकट काढलंत आणि पोरांनी ते कॅरमखाली घातलं. दुसऱ्या अर्ध्या अटीला मात्र तुमचा घसा आडवा आला. ओट्यावर बसून तुम्ही एका मुलाला तुमच्या मते हळूच विचारलंत, "गणितात काय अडतंय रं?" तर रस्त्यापलीकडे भात लावणाऱ्या बायकांनी वाकल्या वाकल्याच उत्तर दिलं, "अवो, भागाकार अडतोय त्याचा. परवा बी तुमीच सांगितलं की!"

मग तुम्ही गिरण शोधलीत. आपल्या कुंपणाला लागून असलेली, पीठ आणि भात दोन्ही काढणारी ती गिरण. पट्टा फिरायला लागला की समोरच्या माणसाचे नुसते ओठ हललेले दिसायचे. दारातल्या दगडावर तुम्ही आणि ते मूल. दळणाच्या रांगेतल्या सगळ्या बायकांना दोघं दिसायचे आणि ऐकू कुणालाच काही जायचं नाही. नियमाचं इतकं तंतोतंत पालन राज्यात दुसरीकडे कुठं झालं असेल असं वाटत नाही. मी वाद घातला. म्हटलं, दुखावलेल्या लेकराशी बोलायला शांत जागा लागते, रंगीत चित्रं लागतात, हळुवार आवाज लागतो. तुम्ही भुवयांवरचं पीठ पुसत म्हणालात, "मॅडम, बारीक आवाजात पोरं खोटंच बोलत्यात, आपल्याला बरं वाटावं म्हनून. वरडायला लागलं की खोटं सुचत न्हाई." याला कुठल्याच पुस्तकात आधार नाही, असं मी म्हणाले. आजही म्हणते.

सुवर्णाची गोष्टच वेगळी होती. आई वारली, बाप कुठं निघून गेला त्याचा पत्ता नाही. तेरा वर्षांची ती आणि सहा वर्षांची पिंकी, दोघी आपल्याकडे आल्या तेव्हापासून सुवर्णाच्या तोंडात एकच शब्द होता. जेवलीस का? व्हय. जेवली नाहीस का? व्हय. थंडी वाजते? व्हय. पंखा लावू? व्हय. मी तिला माझ्या रंगीत चित्रांच्या खोलीत विचारलं, मामाकडे जाशील? व्हय. बालकल्याण समितीच्या बाईंनी विचारलं, व्हय. मामा सरळमार्गी माणूस. राजगडाच्या पायथ्याला पालीत घर, थोडं भात, आणि गडावर येणाऱ्यांसाठी जेवण आणि तंबू. न बोलावता स्वतः आला, भाचीला नेतो म्हणाला. नात्यातलं घर असताना मूल संस्थेत ठेवू नये, हेही त्याच बाडात लिहिलेलं आहे आणि तेही तुम्हाला पाठ होतं. अडचण एवढीच होती की मामाला एकटी सुवर्णा हवी होती. "धाकटी ल्हान हाय, आमी दोघं बी कामात. तिचं कोन बगनार? थोरली कामाची हाय," असं तो म्हणाला, आणि 'कामाची' या शब्दावर तुमच्या मिशा उभ्या राहिल्या.

तो दिवस मी मरेपर्यंत विसरणार नाही. भाताची कापणी होऊन गेलेली, गिरणीवर ही रांग. मामाला घेऊन मीच आले होते. त्याच्या एका हातात पेढ्यांचा पुडा, दुसऱ्या हातात सुवर्णासाठी नवा ड्रेस. फाटकातच काशीबाईंनी, आपल्या स्वयंपाकाच्या बाईंनी, सांगितलं की नाना सुवर्णाला घेऊन गिरणीवर गेलेत. आम्ही दोघं गिरणीमागून वळसा घालून तुमच्या पाठीशी येऊन उभे राहिलो. तुम्ही ओरडत होता, हातवारे दिसत होते. सुवर्णा मान खाली घालून बसलेली. तुम्ही कानामागं हात नेऊन खूण केलीत, मोठ्यांदा बोल. तशी त्या पोरीनं सगळा जीव एकवटला, तोंड उघडलं, आणि नेमकी त्याच क्षणी वीज गेली. पट्टा थांबला.

"न्हाई जायाचं मला मामाकडं! पिंकीला सोडून म्या कुठं बी जायाची न्हाई!"

रांगेतल्या बायकांच्या हातांतले डबे जागच्या जागी थांबले. मामाचा चेहरा मला बघवेना. आणि तुम्ही? इतक्या दिवसांच्या सवयीनं तुमच्या कानांत गिरण चालूच होती. तुम्ही खूश होऊन मांडीवर थाप मारलीत आणि त्याच पट्टीत ओरडलात, "बराबर हाय तुजं! आता त्या मामाला कसं कटवायचं तेवडं बगू!"

कुणीतरी खोकलं. तुम्ही मागं वळलात. रांगेतली एक म्हातारी डोक्यावरचा डबा सावरत मामाला म्हणाली, "पाव्हणं, दोघीस्नी न्या की मग. पेढं तर चांगलं किलोभर दिसत्यात." मामानं पुडा तिथंच दगडावर ठेवला आणि ड्रेस तसाच काखेत मारून निघून गेला. पेढे रांगेत वाटले गेले. मला एकही मिळाला नाही.

त्या संध्याकाळी मी तुम्हाला फैलावर घेतलं. मुलीचं खासगी बोलणं चारचौघांत फुटलं, याची जबाबदारी कोणाची? "वीजवाल्यांस्नी नोटीस काडा," म्हणालात. पण मी जाते म्हणून चपला घालत होते तेव्हा तुम्ही सुवर्णासमोर जाऊन उकिडवे बसलात. म्हणालात, "पोरी, तुजं बोलनं माज्यामुळं समद्यांस्नी कळलं. चूक माजी हाय." वीज अजून आलेली नव्हती, त्यामुळे ती माफीही रस्त्यापर्यंत ऐकू गेली. सुवर्णा कधी नव्हे ते तुमच्याकडे बघून हसली. "ऱ्हाऊ द्या, नाना. बरंच झालं. मला काय दोनदा वरडता आलं नसतं." साठीच्या माणसानं पोरीची माफी मागितलेली मी त्याआधी कधी पाहिली नव्हती. माझ्या घरात तरी नक्कीच नाही.

काही दिवसांनी मामा परत आला तो मामीला घेऊन. मामीनं बसल्या बसल्या सांगून टाकलं, "मला आदी कुनी इचारलंच न्हाई. दोन भैनींची ताटातूट करून म्या पाव्हन्यांच्या पंगतीला कुठल्या तोंडानं वाढू? दोघी बी द्या." माझा जीव भांड्यात पडला. तुमचा नाही पडला. तुम्ही म्हणालात, "घर बगू."

घर बघायला गेलो. मामाला वाटलं चहा होईल, गडाकडे बोट दाखवून चार गोष्टी होतील. तुम्ही सरळ न्हाणीघरापाशी गेलात. तिथं दाराऐवजी गोणपाटाचा पडदा. "हितं दार पायजे. आतनं कडी पायजे," तुम्ही म्हणालात. मामा वैतागला, "नाना, आमच्या सात पिढ्या पडद्याआड आंगुळ करत्यात." तुम्ही अंगणातल्या तंबूंकडे बोट केलंत. "सात पिढ्यांत दर शनवारी परकी मानसं मुक्कामाला हुती का तुमच्या अंगनात?" मी ते घर दोनदा बघून आले होते, मामीच्या हातची भाकरी खाल्ली होती आणि न्हाणीपाशी पाय धुऊन आले होते.

दार बसलं. पत्र्याचं, कोरं करकरीत. ते तपासायला पुन्हा गेलो तो नेमका रविवार. गड उतरून आलेली माणसं अंगणात जेवत होती. तुम्ही आत शिरलात, कडी लावलीत, "लागती! झकास लागती!" असं आतून जाहीर केलंत आणि मग बराच वेळ काहीच बोलला नाहीत. कडी अडकली होती. पुण्याची चार तरणी पोरं ताटावरून उठली, एकानं पिशवीतून दोर काढला. एक मुलगी पत्र्याला तोंड लावून म्हणाली, "काका, घाबरू नका, दीर्घ श्वास घ्या." आतून गर्जना आली, "म्या घाबरलो न्हाई! कडी पक्की हाय का बगत हुतो! आता उगडायचं बगा!" मामानं पहार घालून पत्रा उचकटला. तुम्ही घामाघूम बाहेर आलात, सदरा झटकलात आणि मामाला म्हणालात, "कडी मंजूर. दार पुन्हा बसवा."

परतीच्या वाटेवर मी म्हटलं, "नाना, एवढ्या अटी घातल्या तर देवालासुद्धा मूल मिळायचं नाही." तुम्ही म्हणालात, "देवाला द्यायचंच न्हाई मला." आणि मग चालता चालता थांबलात. इतक्या हलक्या आवाजात तुम्ही बोललेलं मी तेवढं एकदाच ऐकलं. "मॅडम, दाराला कडी बसली. पन पोरगी समद्यास्नी व्हयच म्हनती. गिरनीवर एकदा न्हाई म्हनाली, ती पिंकीसाठी. सोतासाठी कवा म्हननार? तिथं परकी मानसं येनार, मामा कामं सांगनार, आन् ही व्हय म्हनत ऱ्हानार. एक दिवस कुनीतरी नको ते सांगंल." मी म्हटलं, नाही म्हणायला मूल घरातच शिकतं, नाना, हक्काच्या माणसांत. आपल्याकडे नाही. तुम्ही म्हणालात, "आन् शिकली न्हाई तर?" मी नियमाचं वाक्य म्हणून दाखवलं. तुम्ही दुसरं म्हणून दाखवलंत. बाडात दोघांनाही पुरतील इतकी वाक्यं आहेत.

पुण्याला समितीपुढेही तेच झालं. मी द्या म्हणाले, तुम्ही देऊ नका म्हणालात. समितीनं महिन्याभरासाठी दोघींना मामाकडे पाठवून पाहायचं ठरवलं. परतताना एसटीत तुम्ही माझ्याशी अवाक्षर बोलला नाहीत. कंडक्टरनं मला हळूच विचारलं, "नानांचा घसा बसलाय का?" भोरच्या स्टँडवर उतरल्यावर मात्र तुम्हाला राहवलं नाही. "पंधरा दिसांनी पालीला जाऊ. तुमी मामीसंगं बोला, म्या पोरीसंगं. तिथं गिरन न्हाई, तवा म्या बारीक आवाजात बोलायचा सराव करतोय." आणि नमुना म्हणून माझ्या कानाशी काहीतरी कुजबुजलात. समोरच्या टपरीवरची दोन माणसं वळून बघायला लागली. मी हसत सुटले. तुम्ही रागानं तरातरा निघून गेलात. नाना, ते शेवटचं. हाक मारून 'उद्या भेटू' एवढंसुद्धा मी म्हणाले नाही.

रविवारी दुपारी, शिवऱ्याला तुमच्या घरी, जेवून आडवे झालात ते उठलाच नाहीत. कामाच्या दिवशी रजा पडू दिली नाहीत, हेही तुमचंच. मुलांना कसं सांगायचं, यावर आपल्या इथं बैठक बसली. कुणी म्हणालं, बाहेरगावी गेलेत म्हणू. काशीबाईंनी डोळे पुसून तुमचाच नियम सांगितला, लेकरांशी खोटं बोलायचं नाही, गोड तर अजिबात नाही. त्यांनीच सांगितलं, "नाना वारले. आता येनार न्हाईत." मग सगळ्यांत धाकट्यानं विचारलं, "कांद्याच्या खोलीत आता कोण घोरणार?" आणि ज्यांनी तक्रार केली होती तीच पोरं ढसाढसा रडायला लागली. पालीला मी फोन करून मामीला सांगितलं. तिनंही दोघींना जवळ घेऊन सरळ शब्दांत सांगितलं.

काल मी पालीला गेले. ठरल्याप्रमाणे, फक्त एकटी. नसरापूरला गाडी बदलली आणि पुढे दुधाच्या टेम्पोतून. मुली शाळेतून यायच्या होत्या. मामा अंगणात बसला होता, मला बघून उठला आणि रामराम घालायच्या आधीच सुरू झाला, "ताई, काय शिकवून धाडलंय हो तुमी तिला? लई न्हाई म्हनती!"

मी विचारलं, "कोण?"

"थोरली! सकाळच्याला भांडी घास म्हनलं, तर न्हाई, आदी अब्यास. पिंकीला मोरीपाशी निजव म्हनलं, तर न्हाई, तिथं गार लागतं. परवा तर हद्द झाली. सांजच्याला तंबूतल्या पाव्हन्यांनी च्या मागितला. म्हनलं, सुवर्णा, किटली देऊन ये. तर ही उबीच. म्हनली, म्या एकटी तंबूत जायाची न्हाई. मामा, तुमी जावा."

मी विचारलं, "मग?"

"मग काय! गेलो मी. अंधारात काटा मोडला पायात." त्यानं पाय वर करून दाखवला. "ताई, ह्या घरात आजवर मला कुनी न्हाई म्हनलं न्हवतं."

आतून मामीचा आवाज आला, "म्या म्हनत हुते. तुमास्नी ऐकू येत न्हवतं."

मी काय करावं, नाना? मामाच्या पायातला काटा बघत मी हसतही होते आणि डोळे पुसतही होते. मामाला वाटलं, मी त्याच्या पायासाठी रडते. त्यानं मलाच धीर दिला. आणि मला एकाएकी तुमचा इतका राग आला. हे ऐकायला तुम्ही इथं हवे होता. कंबरेवर हात ठेवून, मान वाकडी करून, 'मॅडम, एका न्हाईनं काय हुतंय' म्हणत माझा आनंद नासवायला हवे होता.

मुली आल्या. पिंकी मामीच्या कमरेला जाऊन चिकटली आणि तिनं घास मागितला. सुवर्णा हातपाय धुऊन माझ्याजवळ बांधावर येऊन बसली. केसांना तेल, वेणी घट्ट. तुमचा विषय तिनंच काढला. म्हणाली, "मामी रडली. मला आदी रडूच येईना. मग दुसऱ्या दिशी शाळंत आलं." मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. थोड्या वेळानं, ज्यासाठी आले होते ते विचारलं. "सुवर्णा, इथं राहायचं का गं तुला?"

खरं सांगते, मी 'व्हय' ऐकायला कान लावून बसले होते. पिंकी हसत होती, न्हाणीला दार होतं, मामा तंबूत चहा घेऊन गेला होता. मी भांडण जिंकत आले होते.

सुवर्णानं पायाच्या अंगठ्यानं माती उकरली. "आत्ता न्हाई सांगायची."

"मग कधी?"

"म्हैना पुरा झाल्यावर. तुमी येनार म्हनलं की समदीच चांगली वागत्यात. रोजचं कसं असतंय ते बगू दे की मला आदी." मग माझ्याकडे रोखून बघत म्हणाली, "तवर तुमी काय बी ठरवू नका."

"बरं," मी म्हणाले.

"नक्की?"

"नक्की."

ती उठून पिंकीकडे गेली.

आज सकाळी समितीच्या बाईंचा फोन आला, अहवाल कधी देताय म्हणून. मी म्हटलं, अजून ठरलेलं नाही. त्या म्हणाल्या, तुमचं तर ठरलं होतं ना? मी म्हटलं, माझं ठरलं होतं, तिचं नाही. आपल्यात कोण बरोबर ते मला अजूनही ठाऊक नाही, नाना. तुमची फार आठवण येते. पण सुवर्णानं थांबा म्हटलंय, आणि मामा थांबलाय, समिती थांबली आहे, मीही थांबले आहे.